संगीत या विषयावर ठसेकामाची कार्यशाळा घ्यायची आहे, नवशिक्यांना काय द्यावं?

चिमणचारा

नमस्कार मंडळी. सांगलीत आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन जवळ आलाय आणि यंदाचा विषय ठरलाय संगीत. शेजारी मिरज असताना दुसरं काय ठरणार म्हणा! गाणं, व्याख्यान नेहमीप्रमाणे आहेच. पण कार्यकारिणीतल्या एका काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "ही आर्टवाली आहे, हिला एक कार्यशाळा घेऊ दे." मी उपयोजित कला शिकलेय, कॉलेजात लिनोकट (लिनोच्या शीटवर चित्र कोरून छापणं) भरपूर केलं, घरी अजून करते. शिकवलेलं मात्र नाही.

परिस्थिती अशी: वाचनालयाचा वरचा हॉल, सतरंज्या आणि लांब टेबलं. वेळ ३ तास. माणसं १५-२०, वय वर्षं १० ते ७०. त्यांतल्या कुणीही कटर हातात धरलेला नसणार. प्रेस नाही. बजेट म्हणजे "बघू, फार नको".

माझ्या डोक्यातलं: सुरुवातीला भीमपलासमधली एखादी बंदिश लावायची, सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायचं, मग जे वाटेल ते कागदावर काढायचं आणि तेच लिनोवर कोरून छापायचं. कसं वाटतंय? ज्यांनी असं काही घेतलंय त्यांनी कृपया लिहा.

आडवाट

मस्त कल्पना. फोटो टाका नक्की. (सांगलीचं भडंग मिळणार असेल तर मीही नवशिका.)

ठसेबाज

चिमणचारा, मी मुंबईत शाळकरी मुलं, निवृत्त मंडळी, ऑफिसातले लोक अशा सगळ्यांच्या कार्यशाळा घेत आलोय. स्पष्टच सांगतो, राग मानू नका: डोळे मिटून राग ऐकवू नका.

काय होतं सांगतो. बंदिश संपते, डोळे उघडतात आणि हॉलमध्ये चंद्र, लाटा, मोर, समई आणि निदान ३ ॐ तयार होतात. लोकांकडे कल्पनाशक्ती नसते असं अजिबात नाही. "जे वाटेल ते काढा" या वाक्याला धरायला कुठं मूठच नसते, म्हणून माणूस ओळखीच्या चित्राकडे पळतो. वर आपल्याला चित्र काढता येत नाही ही भीती आधीपासून असतेच. ज्याला चित्र येत नाही त्याला आपण पहिल्या १५ मिनिटांत चित्रच काढायला लावतो.

ठसा म्हणजे मुळात पुन्हा पुन्हा तेच उमटवणं. संगीतात पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट कुठली? ठेका. तेव्हा रागाऐवजी ताल द्या. साधा केरवा. भजनात, सिनेमाच्या गाण्यांत, लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यांनी ऐकलेला. आठ मात्रा म्हणजे आठ चौकोन. प्रत्येक चौकोनात काय उमटवायचं एवढंच माणसाला ठरवायचं आहे. दहा वर्षांच्या मुलालाही ते कळतं आणि सत्तरीच्या आजींनाही.

कागदाचं गणित सोपं आहे. २२ बाय ३० इंचाच्या मोठ्या कार्ट्रिज शीटच्या लांबीत ४ पट्ट्या कापा, म्हणजे प्रत्येक पट्टी साडेपाच इंच रुंद आणि ३० इंच लांब. दोन्ही टोकांना एकेक इंच सोडला की मध्ये साडेतीन इंचाचे बरोबर ८ चौकोन बसतात. पेन्सिलीनं फिकट रेघा मारून पट्ट्या आदल्या दिवशीच तयार ठेवा. ऐन वेळी पट्टी-पेन्सिल वाटलीत तर पहिला अर्धा तास त्यातच जाईल.

आणि लिनो सगळ्यांना देऊ नका. लिनो म्हणजे जवसाचं तेल, राळ आणि बुचाचा भुसा तागाच्या कापडावर थापलेला. थंड असला की कडक, जुना असला की आणखी कडक. नवशिका जोर लावतो आणि कटर सटकतो. हस्तकलेच्या दुकानात जाड फोमची रंगीत शीट मिळते ती घ्या, साध्या कात्रीनं कापता येते. आकार कापायचा, पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलनं चिकटवायचा, मागं पुठ्ठ्याचीच मूठ लावायची, झाला ठसा. फोमवर पेन्सिल दाबून रेघ ओढली तर ती रेघ छापात पांढरी येते. पूर्वी यासाठी थर्माकोलच्या प्लेटा वापरायचो, २०१८ च्या बंदीनंतर त्या गेल्या. बरंच झालं, फोम जास्त टिकतो.

शाईबद्दल नंतर लिहितो, लोकल आली.

दायाबाया

ठसेबाज यांच्याशी सहमत, पण तबलजी म्हणून थोडं घुसतो. तुम्ही "आठ चौकोनांत काहीही उमटवा" म्हणालात तर तो ताल नुसता आकड्यापुरता राहील. केरव्याचे बोल बघा:

धा गे ना ती | न क धी न

आता कान देऊन ऐका. "धा" मध्ये दाया (उजव्या हाताचा तबला) आणि बाया (डाव्या हाताचा डग्गा) दोन्ही एकदम वाजतात. "गे" फक्त बायावर. "ना", "ती" फक्त दायावर. "क" बायावरच, पण हात दाबून, त्यात घुमार नाही. "धी" मध्ये पुन्हा दोन्ही.

म्हणजे तुम्हाला दोनच ठसे लागतात! एक मोठा, गोलसर, फिकट रंगाचा: बाया. एक छोटा, धारदार, गडद: दाया. "धा" आला की दोन्ही एकावर एक, "गे" ला नुसता मोठा, "ना" ला नुसता छोटा. "क" ला काय करायचं ते तुम्ही छपाईवाले ठरवा.

बोल तोंडानं म्हणायला लावा, टाळी देत. पाचेक मिनिटांत हॉल लयीत येतो. त्यासाठी स्पीकर लागत नाही की बंदिश लागत नाही.

ठसेबाज

दायाबाया, याला म्हणतात प्रतिसाद! हे पुढच्या वेळी मी पण वापरणार. दोन ठशांवर अख्खी कार्यशाळा उभी राहते आणि दोन रंगांची छपाई न सांगता शिकवून होते.

"क" साठी: बायाचाच ठसा, पण शाई न लावता, ओलसर कागदावर जोरात दाबायचा. नुसता उठाव येतो, रंग नाही. पण तो कोरलेल्या लिनोनं किंवा लाकडानंच नीट येतो, फोमनं नाही. तुम्ही स्वतः लिनोचा एक ठसा करून न्या आणि "क" साठी सगळ्यांत फिरवा.

वेंगुर्ल्याची_माई

सगळं ठीक, पण माझ्या मनाला पटत नाही. हे संगीत झालं की पाढे? आठ चौकोन, दोन आकार, मुलांच्या गणिताच्या वहीत असतं तसं. संगीतातला भाव कुठे गेला? आपल्याकडे रागमालेची चित्रं होतीच की. रागाचं रूप डोळ्यांपुढं आणून काढलेली. मग भीमपलास ऐकून चित्र काढायला काय हरकत?

ठसेबाज

माई, प्रश्न रास्त आहे. पण रागमालेचे चित्रकार डोळे मिटून "जे वाटेल ते" काढत नव्हते. तिथं रूपं बरीचशी ठरलेली असत. तोडी म्हटलं की वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणं. हिंदोल म्हटलं की झोपाळा. मेघ म्हटलं की पाऊस आणि नाचणारा कृष्ण. अहमदनगर-विजापूरकडची दख्खनी रागमाला असो की राजस्थानी, चित्रकाराच्या हाती आधी एक चौकट होती आणि त्या चौकटीत त्यानं आपला जीव ओतला. मी तेच म्हणतोय. चौकट द्या, भाव आपोआप येतो. आठ चौकोनांच्या पट्ट्या शेजारीशेजारी लावून बघा, कुणाचा ठेका भांडखोर असतो, कुणाचा झोपाळू, ते लगेच ओळखू येतं.

जाता जाता: फ्रेंच चित्रकार मातिसचा "जॅझ" नावाचा १९४७ चा प्रसिद्ध चित्रसंच आहे, २० चित्रांचा. नाव जॅझ, पण आत बरीचशी चित्रं सर्कशीची! कात्रीनं कापलेल्या रंगीत कागदांवरून ती स्टेन्सिलनं छापली. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस कात्री घेऊन बसला होता. तुमच्या सत्तरीतल्या मंडळींना हे जरूर सांगा.

वेंगुर्ल्याची_माई

भांडखोर ठेका बघायला आवडेल. तूर्तास गप्प बसते. 🙂

मुलांची_आई_नाशिक

दहा वर्षांच्या मुलाच्या हातात कटर द्यायचा की नाही? माझा मुलगा मागं लागलाय, आणि मला घाम फुटतो.

ठसेबाज

कार्यशाळेत नको, घरी तुम्ही शेजारी बसून चालेल. नियम एकच, पण तो मोडायचा नाही: ज्या दिशेला कटर जातोय त्या दिशेला दुसरा हात नसला पाहिजे. धरणारा हात कायम पात्याच्या मागं. वळण कापताना कटर फिरवायचा नाही, लिनो फिरवायचा. टेबलाच्या कडेला अडकणारी एक फळी सुताराकडून करून घ्या: खालच्या बाजूला एक पट्टी टेबलाला अडकते, वरच्या बाजूला दुसरी पट्टी लिनोला अडवते. मग लिनो हातानं धरावाच लागत नाही. लिनो आधी थोडा वेळ उन्हात ठेवा किंवा कापड टाकून इस्त्री फिरवा, लोण्यासारखा कापला जातो. आणि बोथट कटर धारदारपेक्षा जास्त धोक्याचा, कारण त्याला जोर लागतो.

आता राहिलेली शाई.

पोस्टर कलरनं सुरुवात करणार असाल तर त्यात थोडं ग्लिसरीन घाला, नाहीतर शाई पसरायच्या काचेवरच वाळतो. पाण्यावरची ब्लॉक प्रिंटिंगची शाई मिळाली तर उत्तम. बाया फिकट हवा म्हणून त्यात पांढरी घाला, किंवा पारदर्शक करणारं माध्यम मिळालं तर ते. आधी सगळ्यांनी बाया छापून घ्यायचा, पट्ट्या दोरीवर वाळवायच्या, मधल्या वेळात चहा, मग दाया. कॉलेजात तुम्ही छापखान्याची तेलशाई वापरली असेल, पण ती इथं नको, तीन तासांत वाळत नाही.

आणि पंखे बंद. सांगलीच्या उन्हाळ्यात लोक कुरकुरतील, पण वरून पंखा फिरला की काचेवरच्या शाईवर साय धरते.

शाई किती घ्यायची हे डोळ्यांनी कळत नाही, कानानं कळतं. काचेवर रोलर फिरवताना पचपच आवाज आला तर शाई जास्त आहे, छापात रेघा बुजणार. पातळ एकसारखा थर झाला की रोलर उचलताना बारीक चर्र आवाज येतो. तो आवाज एकदा सगळ्यांना काचेभोवती उभं करून ऐकवा. संगीताच्या कार्यशाळेत याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

दायाबाया

एक शंका. ठसे लयीत मारायचे की सावकाश? मला वाटतं लयीतच मारावेत, मी बोल म्हणेन आणि सगळे "धा" ला एकदम धप्प! पण दर वेळी शाई लावायला वेळ लागणार.

ठसेबाज

शाई दर मात्रेला लावूच नका. फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर लावा. पहिला "धा" काळाकुळीत, पुढं प्रत्येक ठशाला शाई कमी होत जाते, आठव्या मात्रेपर्यंत दाया विरून आलेला. परत समेवर आलं की परत काळा. ऐकणाऱ्याला सम कुठं आहे ते कळतं ना, तसं बघणाऱ्यालाही कळेल. लांबून पट्टी पाहिली तरी.

दोन पट्ट्या शेजारी लावल्या तर तालाची दोन आवर्तनं मिळतात.

जर्मनीतली_काकू

अवांतर आहे पण राहवत नाही. मी फ्रँकफुर्टला लागून असलेल्या ऑफनबाखला राहते. शिळाछापाच्या (लिथोग्राफीच्या) जन्माचा संगीताशी थेट संबंध आहे. त्याचा शोध लावणाऱ्या झेनेफेल्डरनं १७९६ च्या सुमारास स्वतःची नाटकं स्वस्तात छापायला म्हणून प्रयोग सुरू केले, आणि त्याला जोडीदार मिळाला तो संगीतकार, फ्रान्झ ग्लाइसनर. सुरुवातीला त्यांनी छापलं ते ग्लाइसनरचं संगीत. मग आमच्या गावचे संगीत प्रकाशक योहान अँटोन आंद्रे यांनी हे तंत्र उचललं. मोझार्टच्या विधवेकडून त्याची हस्तलिखितं विकत घेणारे हेच ते आंद्रे. धातूच्या पत्र्यावर एकेक स्वरचिन्ह ठोकत बसण्यापेक्षा दगडावर लिहून छापणं स्वस्त पडायचं.

थोडक्यात, छपाई आणि संगीत यांची सोयरीक जुनी आहे. चालू द्या.

आडवाट

काकू, हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

चिमणचारा

बापरे, एवढं सगळं! मनापासून धन्यवाद. बंदिश रद्द, केरवा नक्की. दायाबाया, तुमचे बोल फळ्यावर लिहिणार आहे.

एक माझी भर: मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला, गळ्याशी जोडतात तिथं, कोरलेली पानं असतात. सतारमेकरांच्या गल्लीत ओळख आहे, तिथून एक-दोन सुटी पानं आणणार आहे. ज्यांचं काम लवकर उरकेल त्यांनी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं घासून नक्षी उतरवायची आणि वाटलं तर त्याचा दायाचा ठसा करायचा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते गावातल्याच लोकांना धड माहीत नाही, तेवढंच सांगून होईल.

अक्षरांचं काय करू? कुणीतरी "धा" हे अक्षरच कोरायचं म्हणणार हे नक्की.

ठसेबाज

कोरू द्या. बटर पेपरवर अक्षर लिहायचं, कागद उलटा करून ठशावर ट्रेस करायचं. उलटं कोरलं की सुलटं छापतं. खात्रीसाठी एक छोटा आरसा टेबलावर ठेवा. मुलांना तो आरसा ठशांपेक्षा जास्त आवडतो.

चिमणचारा

धागा वर काढतेय. कार्यशाळा झाली!

आधी कामाचं. रोलरचा आवाज ऐकवायची युक्ती एकदम चालली. मुलं नंतर दुसऱ्याच्या काचेपाशी जाऊन "काकू, तुमचं पचपच होतंय" असं सांगत हिंडत होती. पंखे बंद केल्यावर अपेक्षेप्रमाणे कुरकुर झाली, ती चहानं मिटवली. पट्ट्या आदल्या दिवशी आखल्या होत्या म्हणून वाचले.

बोल म्हणताना सुरुवातीला सगळे लाजत होते. मग एका काकूंनी "गे" वर हात आपटला, सगळे हसले आणि त्यानंतर हॉल माझ्या ताब्यात राहिलाच नाही. "न क धी न" ला तर खालून ग्रंथपाल वर बघायला आले.

भाव येतो का, या माईंच्या प्रश्नाला उत्तर: येतो. दोन बहिणी शेजारी बसल्या होत्या, एकीनं बायाचा ठसा अगदी गोल गुळगुळीत कापला, दुसरीनं कात्री चालवून त्याला करवतीसारखे दात काढले. बोल तेच, चौकोन तेवढेच, पण एक पट्टी अंगाईची वाटते आणि दुसरी मिरवणुकीची.

पण दिवसाचा खरा किस्सा वेगळाच. एक आजोबा आले होते, भजनी मंडळात तबला वाजवणारे. बायाची वेळ आली तशी त्यांनी ठसा कागदावर टेकवला आणि मनगटानं तसाच पुढं सरकवला. शाई फरफटली. मी धावत गेले, म्हटलं आजोबा, ठसा सरळ उचलायचा असतो, घासायचा नाही, छाप पुसला जातो. त्यांनी माझ्याकडे न बघता पुढच्या "धी" लाही तेच केलं आणि म्हणाले, "पुसला नाही बाळ, हा घिस्सा आहे."

पट्टी वाळल्यावर बघितली. फिकट पिवळा गोल, आणि त्याच्या उजवीकडे धूसर होत गेलेली एक शेपटी, "गे" आणि "धी" दोन्हीकडे, पण दोन्हीकडे वेगळ्या लांबीची. अर्ध्या हॉलनं मग घिस्सेच मारायला सुरुवात केली. टेबलं पुसताना माझी कंबर गेली.

दायाबाया

आजोबांना माझा दंडवत. बायावर तळहात पुढं दाबत नेला की आवाज चढतो, तोच घिस्सा. त्यांनी तो कागदावर वाजवला.

वेंगुर्ल्याची_माई

मिरवणुकीची पट्टी पाठव गो बघायला. हार मानली.

मुलांची_आई_नाशिक

प्रश्न: या पट्ट्यांवर सही, क्रमांक कसा घातलात? लिनोच्या प्रिंटवर पेन्सिलीनं १/१०, २/१० असं लिहिलेलं पाहिलंय.

ठसेबाज

एकाच ठशावरून एकसारख्या १० प्रती काढल्या तर तो क्रमांक. डावीकडे क्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे सही, सगळं पेन्सिलीनं. आजोबांच्या पट्टीची दुसरी प्रत निघणारच नाही, तेव्हा तिथं १/१. घिस्सा मारलेल्या सगळ्यांना तेच लागू.

छपाईचा मास्तर म्हणून मी पण "ठसा सरकवू नका" असंच ओरडलो असतो. तरी नियम सांगाच, कारण नियम माहीत नसलेल्याचा ठसा सरकतो तेव्हा नुसताच डाग पडतो. आजोबांना कुठं सरकवायचं ते नेमकं ठाऊक होतं.

चिमणचारा

वाचनालयानं दिवाळीत परत घ्यायला सांगितलंय. यावेळी केरव्याऐवजी तीनताल घेऊ का? १६ मात्रा, म्हणजे दोन पट्ट्या जोडून.

दायाबाया

घ्या, पण एक गंमत लक्षात ठेवा. खाली (टाळी न देता हात मोकळा दाखवायची जागा) ९ व्या मात्रेला दाखवतात, म्हणून लोक तिथपासून बाया गाळतात. बोल बघा: धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा. नवव्या मात्रेला "धा" आहेच! बाया गप्प होतो तो १० ते १३, आणि १४ ला परत येतो, सम यायच्या आधीच. कागदावर ती ४ मात्रांची मोकळी जागा खालीच्या विभागात नीट न बसता एका घरानं पुढं सरकलेली दिसेल. ती तशीच छापा, कुणी "चुकलंय" म्हटलं तर मला बोलवा.

आणि हिंमत असेल तर रूपक. ती ती ना | धी ना | धी ना. सातच मात्रा आणि समेवरच खाली. ठसेबाज, तुमच्या "समेवर शाई" चं काय करणार तिथं?

ठसेबाज

दायाला समेवर शाई, बायाला चौथ्या मात्रेवर. दोन काचा, दोन रोलर. सातवं घर झालं की पट्टीवर एक चौकोन उरतो, तिथं सही करा.